मंडळाच्या वर्षभराच्या सहली : सोलापूरहून निघताना बसवलेलं गणित

आमच्या सांस्कृतिक मंडळात वर्षाला सहा सहली होतात. चार एका दिवसाच्या, एक हुरड्याची आणि एक मुक्कामाची. सभासद बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, त्यात निम्म्याहून जास्त बायका. सहल समितीचं काम करताना एक गोष्ट पक्की कळली. सहल रस्त्यावर बिघडत नाही, ती दोन महिने आधीच बैठकीत बिघडलेली असते. तारीख चुकलेली असते, नाहीतर पैसे न घेता नुसती नावं लिहिलेली असतात. म्हणून इथे लिहितोय ते जास्त करून निघण्याआधीचंच आहे.

डिसेंबरात नवं कॅलेंडर आलं की पहिली बैठक घेतो. कुठे जायचं हे त्या बैठकीत विचारतच नाही, कधी जायचं नाही ते आधी खोडतो. संक्रांतीच्या आसपास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक. त्या दिवसांत सोलापूरकर गाव सोडत नाही, उलट घरी पाहुणे असतात. आषाढी आणि कार्तिकीच्या आधीचा आठवडा पंढरपूर रस्ता सोडून द्यायचा. कोजागरीला तुळजापूरचा रस्ता पायी जाणाऱ्यांनी भरलेला असतो, तो गाड्यांना बंद करतात. आणि दसऱ्यापासून त्या पौर्णिमेपर्यंत देवी पलंगावर निद्रेत असते, त्यामुळे नेहमीच्या रूपातलं दर्शन हवं असेल त्यांनी त्या दिवसांत जाऊ नये. गुरुवारी अक्कलकोट, मंगळवार-शुक्रवारी तुळजापूर, एकादशीला पंढरपूर हे मोठ्या गटानं टाळलेलंच बरं. मार्चअखेर ते जूनचा पहिला पाऊस या काळात दिवसाची सहल ठेवतच नाही. चाळिशीच्या वर पारा असताना किल्ल्याच्या दगडावर ज्येष्ठांना फिरवणं धोक्याचं आहे, यावर आता कोणाशी चर्चा करत नाही.

एवढं खोडून झालं की वर्ष आपोआप उभं राहतं. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत हुरडा, ऑगस्ट-सप्टेंबरात नळदुर्ग, नोव्हेंबरात हत्तरसंग कुडल, डिसेंबरात विजापूर किंवा बदामीचा मुक्काम. मधल्या दोन जागा देवस्थानांना.

देवस्थानांचं थोडक्यात सांगतो. तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर, अक्कलकोट त्याहून थोडं कमी, पंढरपूर सत्तरच्या पुढे. पंधरा-वीस जण असतील तर खासगी गाडी करूच नये. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं आणि पंचाहत्तरीच्या पुढे फुकट. आमच्यासारख्या गटाचा खर्च निम्म्याच्या आसपास येतो. फक्त आधार कार्ड जवळ ठेवायला प्रत्येकाला आदल्या रात्री आठवण करायची आणि दोन-दोन गाड्यांत विभागून जायची तयारी ठेवायची.

आता गाडीचं. खासगी बस ठरवताना मालक किलोमीटरचा दर सांगतो, पण खरा आकडा वेगळाच असतो. बाहेरगावासाठी दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, तुम्ही २०० फिरलात तरी. किलोमीटर त्याच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात. दिवस रात्री बाराला बदलतो, म्हणजे साडेबाराला परत आलात तर दुसऱ्या दिवसाचा भाव लागू शकतो. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, कर्नाटकात जायचं असेल तर तिथला कर आणि परमिट, हे दरात आहे की वर, ते कागदावर लिहून घ्यायचं. गाडीचा नंबरही त्याच कागदावर. मागे रेलणाऱ्या पुशबॅक सीटची गाडी दाखवून सकाळी जुनी गाडी लावण्याचा प्रकार होतो, आणि पहाटे सहाला चाळीस माणसं फुटपाथवर उभी असताना भांडण करता येत नाही. इसार देताना फिटनेस, विमा, परमिट आणि पीयूसीचे फोटो मागवायचे. राज्याबाहेर जाताना प्रवाशांची छापील यादी गाडीत असावी लागते. तिच्या तीन प्रती काढतो : एक ड्रायव्हरकडे, एक आमच्याकडे, एक सोलापुरात राहिलेल्या सभासदाकडे.

माणशी दर काढताना सगळ्यात जास्त मंडळं इथेच फसतात. भरलेल्या गाडीवर भागाकार करतात. समजा विजापूरच्या एका दिवसाला ४५ सीटच्या बसचं ३०० किलोमीटरचं भाडं १८ हजार, वर टोल, कर आणि भत्ता मिळून ४ हजार. झाले २२ हजार. नाश्ता, जेवण, तिकिटं मिळून माणशी ३०० धरले. समितीची एक सीट सोडून २२ हजाराला ४४ नं भागलं तर गाडीचे ५०० येतात आणि दर ८०० निघतो. पण शेवटच्या आठवड्यात सहा-आठ जण गळतातच : कोणाचा गुडघा, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाची सून बाळंतपणाला. म्हणून आम्ही ३६ नं भागतो. ६११ आणि ३००, म्हणजे ९११, वर थोडं ठेवून ९५०. आता गाडीसाठी माणशी ६५० हातात आले. ३४ माणसांत २२,१०० जमतात आणि खर्च निघतो. गाडी पूर्ण भरली तर साडेसहा हजार उरतात. ते काय करायचं हे सहलीच्या आधीच ठरवून ठेवतो : निम्मे परत, निम्मे प्रवास निधीत. नंतर ठरवायला बसलं की कटुता येते.

नाव नोंदवायचं म्हणजे पैसे द्यायचे, हा नियम अध्यक्षांनाही लागू. ग्रुपवर अंगठा दाखवला म्हणजे नाव लागलं असं नाही, हे पहिल्याच संदेशात लिहितो. पंधरा दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण परत, सात दिवस आधी निम्मे, त्यानंतर बदली माणूस मिळाला तरच. सुरुवातीला हे कडक वाटतं, पण वेळेवर पैसे भरणाऱ्यांवर उशिरा गळणाऱ्यांचा बोजा पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. सहलीचे पैसे मंडळाच्या वर्गणीत मिसळायचे नाहीत. वेगळं पावतीपुस्तक, वेगळी वही. ३१ मार्चला हिशेब तपासणीला जातो तेव्हा ही वही वेगळी असल्यानं काम एका बैठकीत संपतं.

गाडीत चढायच्या जागा तीनच. प्रत्येक थांब्याला दहा मिनिटं जातात आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेनेच थांबे लावायचे. विजापूरला पार्क चौक, मग सात रस्ता, मग सैफुल. हैदराबाद रस्त्याला शेवटचा थांबा मार्केट यार्ड. “माझ्या घरावरूनच तर जाते गाडी” याला गोड बोलून नाही म्हणायचं.

स्वच्छतागृहाचं गणित लाजून कोणी मांडत नाही, पण दिवसाचं वेळापत्रक त्यावरच कोसळतं. चोवीस बायका, ढाब्यावर दोन संडास, प्रत्येकीला तीन मिनिटं : ३६ मिनिटं झाली. वेळापत्रकात आपण पंधरा लिहिलेली असतात. म्हणून दर दोन तासांनी थांबा, प्रत्येक थांब्याला पाऊण तास, आणि जागा आधी फोन करून किंवा स्वतः जाऊन पाहिलेली. ही सोय नसेल तर बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येते. पाण्याचे २० लिटरचे चार जार चाळीस जणांना अर्धा दिवस पुरतात, दुपारी परत भरून घ्यायचे.

डोकी मोजायची पद्धतही सांगतो. गाडीत चढल्यावर एकानं चाळीस मोजणं चुकतं, कारण माणसं उठून जागा बदलतात. पाच-पाच जणांचा गट, त्याचा एक गटप्रमुख. आठ गटप्रमुखांनी “पूर्ण” म्हटल्याशिवाय गाडी हलत नाही.

खाण्यात सोलापूरकराचं नशीब चांगलं आहे. कडक भाकरी पातळ थापून भाजून पूर्ण वाळवलेली असते, तिच्यात ओल राहत नाही म्हणून ती कित्येक दिवस टिकते. मुक्कामाच्या सहलीत पहिल्या दिवसाचा नाश्ता आणि एखाद्या रात्री हॉटेलात जेवण उशिरा मिळालं तर आधार, दोन्ही तिच्यावर निघतात. माणशी चार धरतो. रुंद पत्र्याच्या डब्यात तळाला जाड कापड, मग भाकऱ्या आडव्या, दर दहा भाकऱ्यांनंतर पुन्हा कापड, आणि वर रिकामी जागा राहू द्यायची नाही. हलायला जागा राहिली की बदामीपर्यंत नुसता चुरा होतो. प्लास्टिकच्या पिशवीत गरम असताना भरली तर घाम धरून ती लवचीक होते आणि मग वास येतो. शेंगाचटणी कोरडीच न्यायची, चाळीस जणांना तीन किलो. दही मात्र घरून नेऊ नका, ते वाटेत ताजं घ्या.

हुरड्याची सहल सगळ्यांना सोपी वाटते, पण आमच्या मते हीच सगळ्यात अवघड, कारण तिची तारीख माणसाच्या हातात नसते. ज्वारीचं दाणं दुधाळपणा संपून दाबलं की दबेल पण फुटणार नाही, अशा अवस्थेत आठ-दहा दिवसच असतं. त्याआधी भाजलं तर दाण्याचा चिखल होतो, नंतर भाजलं तर दात दुखतात. म्हणून वर्षाच्या यादीत आम्ही फक्त पंधरवडा लिहितो. शेतकऱ्याला पेरणीची तारीख विचारून ठेवायची आणि संक्रांतीनंतर दर चार दिवसांनी फोन करायचा. नक्की दिवस एक आठवडा आधी कळवतो. खास हुरड्यासाठी सुरती, गूळभेंडी अशी वाणं लावलेली असतील तर चव वेगळीच. माणशी पाव किलो हुरडा पुरतो, सोबत चटणी, गूळ, गोडीशेव, भरीत. आगटीभोवती, म्हणजे हुरडा भाजायच्या विस्तवाभोवती, एका वेळी आठ-दहा जणच नीट बसतात, म्हणून चाळीस जणांना चार आगट्या आणि प्रत्येकीला भाजणारा आणि चोळणारा असे दोघं हवेत. एकच आगटी असली की मागच्यांपर्यंत गार हुरडा पोचतो, आणि गार हुरड्यात काही राहत नाही.

नळदुर्गच्या किल्ल्याची तारीखही तशीच पाण्यावर. वरचं बोरी धरण भरून पाणी सुटलं तरच नर-मादी धबधबे पडतात. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणी महाल आहे. वरून पाणी कोसळत असताना आत कोरडं उभं राहता येतं. पण पायऱ्या शेवाळलेल्या असतात. रबरी तळव्याचे बूट, काठी, आणि एका वेळी दहा जण. धबधबे सुरू झाल्याची बातमी आली की पहिल्या रविवारी जाऊ नका, अख्खं सोलापूर तिथे असतं. बुधवारी जा.

हत्तरसंग कुडल चाळीसेक किलोमीटर, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथला शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. लेख मंदिराच्या तुळईवर आहे. समोरून टॉर्च मारला तर काहीच दिसत नाही, दगड सपाट वाटतो. टॉर्च बाजूला, जवळजवळ दगडाला टेकवून धरायचा. मग अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि शेवटची ओळ उठून येते. जो हे वाचील तो विजयी होईल, असा तिचा अर्थ. आदल्या बैठकीत लेखाचं वाचन छापून वाटतो, नाहीतर माणसं संगमावर फोटो काढून परततात. इथे मोठ्या बसपेक्षा दोन टेम्पो ट्रॅव्हलर बरे.

विजापूरला शंभर किलोमीटर. गोल घुमटात सकाळी लवकर पोचलं पाहिजे. शाळांच्या सहली आल्या की वरच्या सज्जात नुसता कल्लोळ असतो, आणि ३८ मीटरच्या घुमटाखाली पलीकडच्या टोकाची कुजबुज ऐकायची तर शांतता हवी. कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, गुडघेदुखीवाल्यांना खाली बागेत थांबवायचं आणि सोबतीला एक जण ठेवायचा. तिथलं संग्रहालय शुक्रवारी बंद. आपल्याकडे कन्नड बोलणारे सभासद असतातच, त्यांनाच जेवणाचं आणि पार्किंगचं बोलायला लावा.

बदामी सव्वादोनशे किलोमीटर, दोन रात्री हव्यात. पट्टदकल आणि ऐहोळे दुसऱ्या दिवशी. रेल्वेनं जायचं असेल तर आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. आधी १२० दिवस होतं, जुन्या सवयीनं अजून लोक गोंधळतात. एका तिकिटावर सहाच नावं. कुटुंब फोडायचं नाही आणि एका तिकिटावर जाणं पक्कं असलेले एकत्र, डळमळीत वेगळे. ऑनलाइन तिकिटावरची सगळी नावं प्रतीक्षा यादीतच राहिली तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर चढता येत नाही. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, दर काढताना ती धरू नका. तिकिटावरचं नाव घरच्याच माणसाच्या नावे बदलता येतं, तेही गाडी सुटायच्या २४ तास आधी. त्यामुळे बदली माणसाचा आमचा नियम बसला चालतो, रेल्वेला नाही. रेल्वेच्या सहलीचे रद्दचे पैसे रेल्वे देईल तेवढेच, हे पावतीवर लिहून घेतो.

बदामीच्या लेण्यांत माकडं हातातली पिशवी ओढतात. भाकरीचा डबा गाडीतच ठेवा. तिसऱ्या लेण्यात ५७८ सालचा, चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा लेख आहे, त्यासाठी कुडलला नेलेला तोच टॉर्च बरोबर घ्या.

परत आल्यावर आठ दिवसांत हिशेब ग्रुपवर टाकतो, पावत्यांच्या फोटोंसह. त्याच कागदाच्या मागे कोणत्या ढाब्यावर संडास स्वच्छ होते, कोणता थांबा लांबला, चटणी उरली की संपली हे लिहून वहीत चिकटवतो. डिसेंबरच्या बैठकीत कॅलेंडरच्या शेजारी तीच वही उघडलेली असते.