चिंधी कुजली की दुखणं सरतं

मराठवाड्यात दर्ग्याच्या जाळीला दोरा बांधतात आणि नवस फळला की जाऊन सोडतात. स्कॉटलंडच्या क्लूटी विहिरींवर, म्हणजे दुखणं बरं व्हावं म्हणून जिथं चिंध्या बांधतात त्या विहिरींवर, मात्र बांधलेलं कधीच सोडायचं नाही. हा फरक ध्यानात घेतला की बाकीचा विधी आपोआप उलगडतो.

सगळ्यांत प्रसिद्ध विहीर इनव्हर्नेसच्या उत्तरेला, ब्लॅक आइलवरच्या मनलॉकी गावाजवळ आहे. आपल्यासारखी पायऱ्यांची बारव नव्हे, झाडीतला साधा झरा. जुन्या रीतीप्रमाणे बेल्टेनच्या सणाला, म्हणजे १ मे रोजी, दिवस उगवायच्या आत तिथं पोचायचं. झऱ्याला सूर्याच्या दिशेनं, आपल्या प्रदक्षिणेसारख्याच, तीन फेऱ्या घालायच्या. मग आजाऱ्याच्या अंगावरच्या कापडाची चिंधी पाण्यात भिजवून दुखऱ्या जागेवरून फिरवायची आणि जवळच्या फांदीला बांधायची. कापड कुजेल तसं दुखणं ओसरतं. दुसऱ्याची चिंधी काढली, तर त्याचं दुखणं आपल्याला लागतं.

घोटाळा होतो तो कापडात. हल्ली लोक नायलॉनचे मोजे, पॉलिस्टरचे शर्ट बांधतात. ते कुजतच नाहीत, म्हणजे श्रद्धेच्याच हिशेबानं दुखणं तिथं अडकून पडतं! शिवाय गाठ घट्ट असली की वाढणाऱ्या फांदीच्या सालीत रुतते आणि पुढचा शेंडा वाळतो. सुती धोतराची जुनी, बोटभर रुंद पट्टी आणि सैल गाठ, हेच योग्य.

स्कॉटलंडच्या संसदेनं १५८१ मध्येच विहिरींच्या यात्रांवर बंदी घातली होती. लोक तरीही जात राहिले.