गच्चीवरून उपग्रह: हॅम रेडिओचा माझा अनुभव

उपग्रहावरून बोलायचं म्हटलं की लोक आधी सेट केवढ्याला पडला ते विचारतात. मी सांगते, आधी अँटेनाचं विचारा. सौदीसॅट-१सी, म्हणजे हॅम मंडळींचा (लायसन्स घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांचा) एसओ-५० उपग्रह, २० डिसेंबर २००२ ला सुटला आणि त्याचा ट्रान्समीटर जेमतेम २५० मिलिवॉटचा. आपल्या हातातला स्वस्तातला हँडी (वॉकीटॉकीसारखा सेट) ५ वॉट टाकतो. वर पोचायला एवढी ताकद बास होते. खरी झटापट खाली येणारा आवाज ऐकण्याची. हे मला शिकवलं ते आमच्या काकांनी.

मी सांगलीची, शाळेत विज्ञान शिकवते. पलीकडच्या गल्लीत एक जुने हॅम राहतात, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांच्या तोंडी कायम हॅमसॅट. ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ बरोबर ४२.५ किलोचा एक छोटा उपग्रह नेला, तो इस्रोने खास हॅम लोकांसाठी बांधलेला. हॅम नाव व्हीओ-५२. त्यात दोन ट्रान्सपाँडर (खालून आलेला सिग्नल परत खाली पाठवणारी यंत्रं) होते, एक आपल्याकडचा आणि एक हॉलंडमधल्या विद्यार्थ्याने बनवलेला. दोन वर्षं चालावा अशी अपेक्षा होती, तो जुलै २०१४ पर्यंत चालला. घरातल्या जुन्या स्कूटरबद्दल बोलावं तसे काका अजून त्याच्याबद्दल बोलतात. मी या नादाला लागले तेव्हा तो गप्प झालेला होता.

लायसन्सचं लांबण लावत नाही. सरल संचार पोर्टलवर अर्ज केला, रिस्ट्रिक्टेड ग्रेड निवडली, कारण तिला मोर्सची परीक्षा नाही. ओहमचा नियम, ट्रान्समीटरचे ब्लॉक डायग्राम, क्यू कोड (रेडिओवरचे ठरलेले संक्षेप), नियमावली असा अभ्यास. विज्ञानाच्या पदवीधराला फार जड नाही. नंतर पडताळणी, आणि मग नुसती वाट बघायची. व्ही यू थ्रीने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची आपली ओळख, हातात येईपर्यंत मी काकांच्या गच्चीवर ऐकायला बसत होते. उलट हाच काळ सगळ्यात कामाचा ठरला.

ऐकण्याची सुरुवात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापासून करावी. ते जोरात ऐकू येतं. अधूनमधून तिथून १४५.८०० मेगाहर्ट्झवर एसएसटीव्हीने, म्हणजे आवाजाच्या रूपात, चित्रं पाठवतात. पीडी१२० पद्धतीत एका चित्राला दोन मिनिटं लागतात. लॅपटॉपला यूएसबीचा आरटीएल-एसडीआर डोंगल (छोटा रिसीव्हर) आणि बाहेर साधा डायपोल (दोन दांड्यांची अँटेना), एवढ्यावर चित्र रेघ-रेघ उतरतं. पास, म्हणजे आकाशातून एक फेरी, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत फार तर दहा मिनिटांचा, त्यामुळे कुठून उगवणार, किती उंच चढणार, कुठे मावळणार हे आधी माहीत पाहिजे. त्यासाठी मी संगणकावर जीप्रेडिक्ट हे सॉफ्टवेअर वापरते. त्यात कक्षेची माहिती म्हणजे टीएलई दर काही दिवसांनी ताजी करायची; स्थानकाची उंची मधूनमधून इंजिनं पेटवून वाढवतात, मग जुन्या आकड्यांवर वेळ चुकते. गच्चीवर मात्र काका पाठ थोपटून एवढंच सांगायचे, "अगं, लॅपटॉपकडे काय बघतेस, आधी ईशान्य कुठे आहे ते दाखव." गच्चीच्या कठड्यावर खडूने दिशा लिहून ठेवल्या, तेव्हा कुठे सुटसुटीत झालं.

आता अँटेना. इथे मात्र सविस्तर लिहिते, कारण पैसे वाचवायची आणि शिकायची जागा हीच. दोन मीटर बँडसाठी (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) तीन एलिमेंटची, म्हणजे तीन पट्ट्यांची, यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) मी स्टीलच्या मेजरटेपची केली. पीव्हीसी पाइपचा दांडा, मागे सुमारे १०५ सेंटिमीटरचा रिफ्लेक्टर, पुढे ८९ सेंटिमीटरचा डिरेक्टर, मधला, केबल जोडायचा ड्रिव्हन एलिमेंट दोन तुकड्यांचा आणि त्यात जुळणीसाठी तारेचा यू आकाराचा हेअरपिन. टेपवरचा रंग पॉलिश पेपरने पार खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. कावीळ झाल्यासारखी पिवळी टेप पांढरी स्टील दिसेपर्यंत घासा. टेपचा फायदा असा की दारातून, जिन्यातून नेताना वाकते आणि परत सरळ होते. सत्तर सेंटिमीटर बँडसाठी (४३७ मेगाहर्ट्झच्या आसपास) त्याच दांड्यावर ॲल्युमिनियमच्या सळ्यांचे पाच एलिमेंट, पण पहिल्या अँटेनाशी काटकोनात. काटकोनाला कारण आहे. स्थानकाच्या रिपीटरला, म्हणजे ऐकलेलं दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत पाठवणाऱ्या यंत्राला, आपण १४५.९९० वर बोलतो आणि ४३७.८०० वर ऐकतो. १४५.९९० च्या तिप्पट होतात ४३७.९७०, म्हणजे ऐकायच्या जागेच्या अगदी शेजारी. स्वस्त हँडी तिसरी हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल, सांडतात, आणि बोलायला बटण दाबलं की आपलाच रिसीव्हर बहिरा होतो. दोन अँटेना काटकोनात आणि दोन वेगळे हँडी, एक बोलायला, एक इअरफोन लावून ऐकायला, एवढ्याने बराच फरक पडला. नॅनोव्हीएनए या मोजणीच्या यंत्रावर दोन्हींचा एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली याचा आकडा, जितका कमी तितका बरा) दीडच्या खाली आला तेव्हा काकांनी चहा मागवला.

दुसरी गोष्ट डॉपलरची, म्हणजे वेगामुळे बदललेल्या फ्रिक्वेन्सीची. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं. ४३७ मेगाहर्ट्झला त्यामुळे फ्रिक्वेन्सी सुरुवातीला दहाएक किलोहर्ट्झ वर आणि शेवटी तेवढीच खाली दिसते. म्हणून ऐकायच्या हँडीत ओळीने पाच मेमरी भरल्या: ४३७.८१०, .८०५, .८००, .७९५, .७९०. पास पुढे सरकेल तशी एकेक पायरी उतरायची. बोलायच्या बाजूला दोन मीटरवर हा फरक तीन-साडेतीन किलोहर्ट्झचाच, एफएमला तो चालून जातो. तिथे फक्त ६७ हर्ट्झचा टोन (आवाजासोबत जाणारा खुणेचा स्वर) विसरू नये, नाहीतर रिपीटर उघडतच नाही. शिवाय मनगट फिरवायची सवय लागते. आवाज बसला की अँटेना दांड्याभोवती चतकोर फिरवून बघायची. ध्रुवीकरण, म्हणजे लहरीची आडवी-उभी दिशा, जुळलं की बोलणारा एकदम समोर बसल्यासारखा होतो.

पहिला क्यूएसओ, म्हणजे दोघांमधला पक्का संपर्क, रविवारच्या संध्याकाळच्या पासवर झाला. सुट्टीचा दिवस म्हणजे रिपीटरवर बाजार भरलेला. स्थानकाचा पदठसा, म्हणजे ते एका वेळी जिथवर ऐकू येतं तो भाग, आपल्याभोवती दोन हजार किलोमीटरच्या वर पसरतो, त्यामुळे दिल्ली, कोलंबो आणि आखाताच्या बाजूचे लोक एकाच वेळी घुसतात. तिथे गप्पा चालत नाहीत. कॉलसाइन, ग्रिड (नकाशावरच्या आपल्या चौकोनाचा क्रमांक), सेवन थ्री (हॅम लोकांचा निरोप), संपलं. सांगलीचा ग्रिड एमके७६. तो उच्चारला आणि बंगळूरच्या बाजूच्या एमके८२ मधल्या एकाने लगेच माझा कॉलसाइन परत वाचून दाखवला. वीसेक सेकंदांत सगळं आटोपलं. ग्रिड गोळा करणारे लोक असतात, त्यांना लहान शहरातला ग्रिड हवाहवासा वाटतो. पुण्या-मुंबईवाल्यांपेक्षा आम्हाला इथे जास्त भाव.

एकदा काकांबरोबर मिरजेकडच्या दंडोबाच्या डोंगरावर गेलो, क्षितिज मोकळं मिळतं म्हणून. एक मेंढपाळ बराच वेळ बघत उभा होता, शेवटी म्हणाला, "ताई, टॉवर कुठं बसवताय?" अशा ठिकाणी लायसन्सची प्रत खिशात असू द्या. अँटेना आकाशाकडे रोखून इंग्रजीत अक्षरं ओरडणाऱ्या बाईबद्दल लोकांना प्रश्न पडणारच.

एसओ-५० ची गंमत वेगळी. तो झोपलेला असतो. दोनेक सेकंद ७४.४ हर्ट्झच्या टोनने बटण दाबलं की त्याचा दहा मिनिटांचा टायमर सुरू होतो, मग ६७ च्या टोनने बोलायचं. गर्दी कमी, आवाज बारीक. स्थानकावर हात बसल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. इंडोनेशियाचा आयओ-८६ सुद्धा मला आवडतो. २८ सप्टेंबर २०१५ ला ॲस्ट्रोसॅटबरोबर आपल्याच पीएसएलव्ही-सी३० ने तो गेला. विषुववृत्तालगत फिरतो, म्हणून सांगलीतून कायम दक्षिणेला, खाली खाली दिसतो. त्याचा रिपीटर वेळापत्रकाप्रमाणेच चालू असतो, तेव्हा आधी वेळ बघून घ्यावी. तसंच अंतराळवीर बाहेर काम करत असताना किंवा यान जोडताना स्थानकावरचे हॅम सेट बंद ठेवतात. रिपीटर शांत असला तर लगेच अँटेना उसवायला घेऊ नका.

सध्या मी एओ-७ हा जुना हॅम उपग्रह ऐकते. तो १५ नोव्हेंबर १९७४ ला गेला, १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन बंद पडला आणि २००२ मध्ये पुन्हा बोलू लागला, कारण शॉर्ट झालेली बॅटरी आतून तुटून ओपन झाली आणि सौर पट्ट्यांची वीज थेट सर्किटला मिळू लागली. उन्हात असेपर्यंत चालतो, सावलीत जाताच मरतो. १४५.९ च्या आसपास डोंगलवर साइडबँड (एफएमहून वेगळी बोलण्याची पद्धत) लावून त्यातली मंडळी शोधायची. साइडबँडवर बोलायचा सेट मात्र माझ्या शाळेच्या पगाराला अजून झेपत नाही. त्यामुळे पुढचं काम ठरलंय ते कतारच्या क्यूओ-१०० उपग्रहाचं: २५.९ अंश पूर्वेला स्थिर उभा आहे, त्याचा १०४८९ मेगाहर्ट्झचा डाउनलिंक साध्या टीव्हीच्या डिशने आणि तिच्या तोंडाशी बसणाऱ्या एलएनबीने ७३९ मेगाहर्ट्झवर उतरवता येतो. शेजाऱ्यांनी काढून टाकलेली डिश मिळाली आहे, ती पश्चिमेकडे वळवायला भिंतीवर एक ब्रॅकेट तेवढं बसवून घ्यायचंय.