पाणी नेमकं कुठून येतंय? आमच्या छोट्या वर्कशॉपची वाटचाल

वर्कशॉप सुरू केलं तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि दादा. सर्व्हिसिंग, ब्रेक, क्लच, जे येईल ते काम करायचो. गाडीच्या आत पाणी येतंय नाहीतर कसलातरी गोडसर वास येतोय अशी तक्रार आली की आम्हाला नकोच वाटायचं, कारण त्यात किती वेळ जाईल सांगता येत नाही आणि माणूस आधीच दोन-तीन ठिकाणी फिरून वैतागलेला असतो. आज आमच्याकडे सगळ्यात जास्त हेच काम येतं, आणि ते सुरू झालं आमच्याच एका चुकीमुळे, म्हणून आधी ती सांगतो.

एका ताईंची गाडी आली होती. आत गोड वास आणि कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली सारखी खाली. गोड वास म्हणजे हीटर कॉइल (डॅशबोर्डमागची जाळी, तिच्यातून गरम कुलंट फिरतं आणि आतली हवा गरम होते) गेली, असं आम्ही धरूनच चाललो, अख्खा डॅशबोर्ड उतरवला, दोन दिवस गेले आणि कॉइल बाहेर काढून बघतो तर ठणठणीत कोरडी. लिकेज होतं इंजिनच्या बाजूला. हीटरच्या होज पाइपचा क्लॅम्प सैल झाला होता, तिथून थेंब थेंब कुलंट गरम इंजिनवर पडून त्याची वाफ व्हायची आणि वायपरखालच्या जाळीतून ब्लोअर ती वाफ आत ओढायचा. क्लॅम्प बदलायला पाच मिनिटं लागली. दादाने ताईंना सगळं खरं सांगितलं, डॅशबोर्डच्या कामाचे पैसे घेतले नाहीत आणि त्याच संध्याकाळी एक वही घातली, गाडी कुठली, आत आलेलं पाणी कसलं होतं, आलं कुठून आणि आम्ही आधी काय समजलो होतो. तो शेवटचा रकाना अजून भरतो आम्ही.

त्या गाडीपासून एक सवय लागली. वास असेल तर आधी बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबायचं आणि एक चक्कर मारून यायचं. वास कमी झाला तर संशय बॉनेटखाली, तसाच राहिला किंवा वाढला तर कॉइलकडे बघायचं. पुढच्या काचेवर आतून तेलकट, पुसली तरी परत येणारी धूसर फिल्म असेल तर कॉइलवरचा संशय आणखी पक्का होतो.

पाणी असेल तर आमचं पहिलं हत्यार म्हणजे पांढरा टिश्यू पेपर. कार्पेट वर करून खालच्या फोमवर तो दाबायचा आणि बोटांत चोळून बघायचा. कुलंट असेल तर रंग उतरतो, बोटं बुळबुळीत होतात आणि वास कळतो. (चाखून बघायचं नाही, काही लोक बघतात. बहुतेक कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते गोड असतं पण विषारी आहे, आणि लहान मुलं, कुत्री-मांजरं यांच्यासाठी तर फारच धोक्याचं, त्यामुळे सांडलेलं आम्ही लगेच पुसून धुवून काढतो.) पाणी स्वच्छ, बिनवासाचं असेल आणि एसी चालवल्यावरच येत असेल तर बहुतेक वेळा एसीच्या कूलिंग कॉइलचा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकायला हवं, ते ठिबकत नसेल तर ते आतच साचतंय.

पुढे हळूहळू अवजारं घेतली. प्रेशर टेस्टर, म्हणजे दाब देऊन लिकेज शोधायचा काटेवाला हातपंप, आला तेव्हा काम खरं बदललं. इंजिन पूर्ण थंड असताना तो कुलंटच्या कॅपच्या जागी लावायचा, कॅपवर जो आकडा असतो, समजा 1.1 बार, तेवढंच प्रेशर द्यायचं आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा खाली आला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर आत बघायचं. तरीही शंका राहिली तर हीटरचे दोन्ही पाइप बॉनेटमध्येच एकमेकांना जोडतो, म्हणजे कुलंट कॉइलमध्ये जातच नाही, आणि गाडी काही दिवस वापरायला देतो. लेव्हल जागच्या जागी राहिली तर कॉइलच दोषी, मग डॅशबोर्ड उतरवायला हात धजतो.

लिकेज बंद करायची पावडर किंवा लिक्विड आम्ही टाकत नाही. लोक आग्रह करतात, स्वस्तात सुटेल म्हणतात, पण हीटर कॉइलच्या नळ्या बारीक असतात आणि त्या पावडरीने त्याच आधी चोंदतात. यावरून काही गिऱ्हाइकं गेली, जाऊ दे.

पावसाच्या पाण्याचं काम मला स्वतःला जास्त आवडतं. वायपरखाली पाला साचून निचऱ्याची भोकं बंद झालेली, सनरूफच्या कोपऱ्यातली नळी तुंबलेली, आणि सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते दरवाज्याच्या आतलं प्लॅस्टिक शीट. काचेवरून पाणी दरवाज्यात जाणारच, ते खालच्या भोकांतून निघून जावं अशीच रचना असते, पण स्पीकर बसवताना कोणीतरी ते शीट कापतं, परत नीट चिकटवत नाही आणि मग मालक वर्षभर काचेचं रबर बदलत बसतो. सनरूफ असेल तर कोपऱ्यात कपभर पाणी हळूच ओतून ते चाकाजवळ बाहेर येतं का बघतो. नळीत जोरात हवा मारायची नाही, सांध्यातून ती निसटली तर नवीनच लिकेज तयार होतं, आम्ही मऊ नायलॉनची तार घालतो. पाइपने पाणी मारताना खालून सुरू करून वर जायचं, एकदम छतावर मारलं तर सगळंच ओलं होतं आणि वाट कळत नाही. आत टॉर्च घेऊन एक माणूस हवाच, आता ते काम आमची मदतनीस मुलगी करते आणि तिचे डोळे आमच्या दोघांपेक्षा तेज आहेत.

लिकेज सापडलं तरी गाडी लगेच देत नाही. वरून कार्पेट कोरडं लागतं पण खालचा फोम ओला राहतो, आणि वायरिंगचे सॉकेट बरेचदा तिथेच असतात. सीट काढण्याआधी बॅटरी सोडवून थोडं थांबतो, सीटखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतात म्हणून. कुलंट सांडलेलं असेल तर नुसतं वाळवून भागत नाही, ग्लायकॉल पाण्यासारखं उडून जात नाही, फोम धुवून व्हॅक्यूमने ओढून काढावा लागतो, नाहीतर लिकेज गेलं तरी वास तसाच.

शेवटी फोम वाळला की पायाखाली चारही बाजूंना वर्तमानपत्र अंथरतो, गाडीवर पाणी मारून ती रात्रभर तशीच ठेवतो. सकाळी शटर उघडल्यावर दादा चहाच्याही आधी दार उघडून तो कागद हातात घेऊन बघतो, कोरडा करकरीत लागला तरच मालकाला फोन जातो.