आमची वाटचाल : एक मॅक, एक पीसी आणि राहिलेला हिशेब

आमच्या अक्षरजुळणीच्या धंद्याला तीस वर्षं होऊन गेली. दर वर्धापनदिनाला कुणी ना कुणी म्हणतं, वाटचाल लिहून काढा. वाटचाल लिहायची म्हणजे माझ्या पहिल्या भागीदाराबद्दल लिहिणं आलं, म्हणून टाळत होतो. आता त्याचेही केस पांढरे झालेत आणि माझे उरलेले नाहीत, तेव्हा लिहून टाकतो.

१९९२ साली आम्ही सुरुवात केली ती भांडणानेच. यंत्र कुठलं घ्यायचं? तो म्हणत होता मॅक, म्हणजे ॲपलचा संगणक. त्याचं चूक नव्हतं, हे मी आज कबूल करतो, तेव्हा केलं नव्हतं. पानं जुळवायचा प्रोग्रॅम पेजमेकर जन्मला तो १९८५ साली मॅकवर. त्याच वर्षी ॲपलचा लेझरराइटर प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट ही प्रिंटरला पान सांगणारी भाषा घेऊन आला, आणि कात्री-गोंद बाजूला ठेवून पडद्यावर पान लावणं तिथून सुरू झालं. विंडोजवर पेजमेकर यायला १९८७ उजाडलं. आपल्या धंद्यातली माणसं तेव्हा पीसीला हिशेबाचं यंत्र समजत. माझा मुद्दा वेगळा होता. पीसी बिघडला तर मी तो स्वतः उघडू शकतो, सुटा भाग आणून बसवू शकतो. शिवाय विंडोज ३.१ त्याच वर्षी आलं होतं, ट्रूटाइप फॉन्ट घेऊन. मला वाटलं, आता दोघांत फारसा फरक राहणार नाही.

शेवटी तडजोड म्हणून दोन टेबलं मांडली आणि एकेक यंत्र घेतलं. वीस इंची मॉनिटर मात्र मॅकला, कारण रंगीत काम तिकडे. पैसे निम्मे-निम्मे ठरले. सगळे मी भरले, त्याचे निम्मे यायचे होते.

दोन दगडांवर पाय ठेवण्यातली मजा पहिल्या आठवड्यातच कळली. मॅकच्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टमध्ये पडद्यासाठीची सूटकेस नावाची फाइल वेगळी, प्रिंटरची फाइल वेगळी, आणि दोन्हींचा खरा ऐवज रिसोर्स फोर्क नावाच्या आतल्या कप्प्यात. ती फाइल डॉसच्या फ्लॉपीवर टाकली की कप्पा गळून पडायचा. पीसीवर फॉन्टचं नाव दिसायचं आणि आकार शून्य. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी भागीदारावर आरोप केला की त्याने मुद्दाम रिकामी फ्लॉपी दिली. तो हा आरोप कधीच विसरला नाही.

फॉन्ट कसेबसे दोन्हीकडे बसवले तर मजकूर सरकायचा. नाव तेच, घराणं तेच, पण अक्षराच्या रुंदीत केसभर फरक. मॅकवर २४० पानांत बसलेलं पुस्तक माझ्याकडे उघडलं की २४३. ज्यांनी बटरपेपरवर प्रिंट काढून प्रकरणागणिक पानं मोजली आहेत त्यांना या तीन पानांचं दुःख सांगायला नको.

तरी एक मान्य करतो, त्याचा हात मॅकवर बसलेला होता. मागच्या बाजूला स्कझीची, म्हणजे एकाला एक उपकरण जोडायच्या जुन्या केबलांची, साखळी असायची: बाहेरची डिस्क, मग स्कॅनर, प्रत्येकाचा आयडी वेगळा आणि टोकाला साखळी बंद करणारा टर्मिनेटर. टर्मिनेटर विसरला की स्कॅनर सकाळी दिसायचा, दुपारी गायब. तो नुसतं केबल हलवून सांगायचा कुठे गडबड आहे. माझ्याकडे तसली नजाकत नव्हती. माझ्या पीसीच्या पाठीला पॅरलल पोर्टवर फॉन्टचा डोंगल (हा खुंट लावल्याशिवाय फॉन्ट चालत नसत), त्याच्यावर दुसऱ्या सॉफ्टवेअरचा डोंगल, आणि त्याच्यावर प्रिंटरची केबल अशी वीतभर शेपटी होती. खुर्ची मागे सरकली की सगळे फॉन्ट जायचे.

१९९६ साली तो वेगळा झाला. कारणं बरीच आहेत, ती इथे नकोत. मॅक, मॉनिटर आणि रंगीत कामाची गिऱ्हाइकं त्याच्याबरोबर गेली. मला राहिली पुस्तकं, परीक्षेचे पेपर आणि मॉनिटरच्या निम्म्या पैशाची वाट.

पुढच्या वर्षी बातम्या यायला लागल्या की ॲपल बुडतंय. ऑगस्ट १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यात १५ कोटी डॉलर घातले तेव्हा मी ते कात्रण कापून काचेखाली ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. ते कात्रण मी नंतर किती गुपचूप काढलं हे आमच्या जुन्या माणसांना माहीत आहे.

तो मात्र गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगत फिरायचा: पीसीवर फोटो काळपट येतात. आणि खरंच यायचे! तीच फाइल त्याच्या पडद्यावर उजळ, माझ्याकडे बसकी. याचं कारण गॅमा, म्हणजे मधल्या छटा पडद्यावर किती उजळ दाखवायच्या तो आकडा. मॅक १.८ धरायचा, विंडोज २.२. पडद्यावरच्या दिसण्यातला हा फरक, छपाईच्या फिल्मवर जाणारे टिंब तेच. हे मी गिऱ्हाइकाला कागदावर रेघ काढून समजावायचो आणि तो मान हलवून काम तिकडे द्यायचा. २००९ साली स्नो लेपर्डपासून मॅकनेही २.२ धरला. म्हणजे शेवटी तेच माझ्या बाजूला आले. पण तेरा वर्षांत गेलेली कामं काही परत आली नाहीत.

आता २६ एप्रिल १९९९. सोमवार होता. सकाळी पाच पीसी सुरू केले, चार उठले नाहीत. दोघांचा पडदा काळा, बीपसुद्धा नाही. दोघं म्हणतात डिस्कच नाही. दुपारपर्यंत कळलं की हा सीआयएच व्हायरस, ज्याला लोक चेर्नोबिल म्हणत. तो विंडोज ९५ आणि ९८ च्या प्रोग्रॅम फाइलींमधल्या रिकाम्या फटींत शिरून बसायचा, त्यामुळे फाइलचा आकारही वाढत नसे. त्या तारखेला त्याने डिस्कची पहिली एक एमबी शून्यांनी भरली आणि जिथे जमलं तिथे मदरबोर्डवरची बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा चिपमधला प्रोग्रॅम, तीही पुसली. आमच्याकडे तो एका पुरवठादाराने भेट दिलेल्या क्लिपआर्टच्या सीडीवरून आला होता. पण दोष माझाच. अँटिव्हायरस होता, त्याची यादी १९९७ ची होती.

पाचवं मशीन वाचलं कारण त्यावर विंडोज एनटी हे वेगळ्या बांधणीचं विंडोज होतं. सीआयएचला एनटीवर चालता येत नसे. हे मी शहाणपणाने केलं नव्हतं, प्रिंटिंगचं मशीन सतत बंद पडतं म्हणून वैतागून एनटी टाकलं होतं.

मेलेल्या दोन बोर्डांची बायोस परत कशी बसवायची? एनटीच्या मशीनचा बोर्ड त्याच जातीचा होता. ते डॉसच्या फ्लॉपीने सुरू केलं, चालू असतानाच त्याची बायोसची चिप अलगद उपटली, मेलेली चिप त्या खाचेत बसवली आणि फ्लॅश केली, म्हणजे तिच्यावर बायोस पुन्हा लिहिली. हात घसरला असता तर वाचलेलं एकमेव मशीनही गेलं असतं. आमचा ऑपरेटर खोलीबाहेर जाऊन उभा राहिला होता. दोन्ही चिपा उठल्या. चिप उपटायचा तो चिमटा अजून माझ्या पेनस्टँडमध्ये आहे.

डिस्कांची गोष्ट कठीण. कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची यादी म्हणजे फॅट, आणि तिच्या दोन प्रती असतात. दोन डिस्का फॅट३२ च्या होत्या. त्यांची फॅटची दुसरी प्रत पहिल्या एमबीच्या पलीकडे असते, म्हणून डिस्क एडिटर घेऊन दोन रात्रींत बहुतेक सगळं परत मिळालं. उरलेल्या दोन फॅट१६. तिथे दोन्ही प्रती सुरुवातीलाच असतात. गेल्या. त्यातल्या एकीवर शब्दकोश होता.

शब्दकोशवाल्या सरांबद्दल सांगायला हवं. निवृत्त शिक्षक. १९९३ पासून दर शनिवारी यायचे, वहीतल्या नोंदी जुळवून घ्यायचे, प्रूफ तिथेच बसून वाचायचे. भागीदार गेला तेव्हा त्यांनाही तिकडून बोलावणं आलं होतं. सर म्हणाले, मला रंग लागत नाहीत. आणि राहिले. दर शनिवारी जाताना ते सगळ्या फाइलींच्या प्रती फ्लॉप्यांवर करून घ्यायचे, अक्षरागणिक एक फ्लॉपी, पत्र्याच्या डब्यात. त्यांच्या घरी संगणक नव्हता! मी एकदा विचारलं, या फ्लॉप्यांचं करता काय. म्हणाले, "काही नाही. तुमच्यावर विश्वास नाही, एवढंच."

मंगळवारी त्यांना निरोप धाडला. ते डबा घेऊन आले, टेबलावर ठेवला, आणि म्हणाले, "परवाच्या शनिवारच्या आहेत." एकतीस फ्लॉप्या होत्या. एकतीसही उघडल्या.

त्या आठवड्यात भागीदाराने आमच्या राहिलेल्या गिऱ्हाइकांना फोन केले. मॅकवर असलं काही होत नाही, असं सांगितलं. सीआयएच मॅकवर होत नव्हता हे खरं. पण आदल्याच वर्षी, १९९८ मध्ये, ऑटोस्टार्ट ९८०५ नावाचा वर्म मॅकवरच फिरत होता आणि तो आपल्याच धंद्यातल्या डिस्का-सीड्यांवरून पसरत होता. तेव्हा मी कुणाला फोन केला नव्हता. तीन गिऱ्हाइकं गेली. परीक्षेचे पेपर गेले, आणि त्यांवर आमचे पगार निघत. सहा महिने मी एकाच माणसाच्या शब्दकोशावर आणि उधारीवर दुकान चालवलं.

नंतर फाइल सर्व्हरला विंडोजऐवजी लिनक्स घातलं, पीसींना त्यातल्या फाइली दिसाव्यात म्हणून सांबा लावून. आजही आहे, त्याच्याबद्दल लिहायला काही नाही आणि हीच त्याची तारीफ. डिझाइनच्या टेबलावर मात्र लिनक्स बसवता आलं नाही. पेजमेकर नव्हता आणि गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग वेगळे करणं, नव्हतं. फिल्म काढणाऱ्याला तत्त्वं सांगून काय उपयोग, त्याला चार प्लेटा हव्यात. पुढे पेजमेकर जाऊन इनडिझाइन आलं, सरांचा कोश विंडोज २००० वर युनिकोडमध्ये, म्हणजे एका फॉन्टवर अडून न राहणाऱ्या अक्षरसंकेतात, आणला, छापखाने पीडीएफ घ्यायला लागले आणि फाइल कुठल्या यंत्रावरून आली हे विचारायचे बंद झाले. दहा-बारा वर्षं चांगली गेली.

लोक विचारतात, घरासाठी कुठलं घेऊ? न विचारणाऱ्यांनाही मी सांगतो. रात्री साडेदहाला यंत्र अडलं तर तुम्ही कुणाला फोन कराल ते आधी ठरवा, आणि त्याच्याकडे जे आहे ते घ्या. धंद्यासाठी घेत असाल तर उलट्या बाजूने या: तुमची फाइल शेवटी कुणाच्या हातात जाते, तो काय उघडतो, तिथून मागे येत यंत्रापर्यंत पोचा. प्रोसेसर वगैरे नंतर. आणि तुमच्या विंडोजला कंपनीचा आधार, म्हणजे दुरुस्त्या येणं, कधी संपतो ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. आमची चार धडधाकट मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसली नाहीत, ती आता लिनक्सवर प्रूफं दाखवतात. म्हणजे पीसी घेतला म्हणून मी सुटलो असं नाही. मॅकवाल्यांनी १९९४ ला पॉवरपीसी, २००६ ला इंटेल, २०२० ला एमवन असे प्रोसेसरचे तीन संसार थाटले. आमचं घर तेच राहिलं, घरमालक बदलत गेला.

२०११ च्या पावसाळ्यात भागीदाराचा फोन आला. पंधरा वर्षांनी. त्याच्या एका जुन्या प्रकाशकाला आठ पुस्तकं पुन्हा काढायची होती, फाइली पेजमेकर ५ च्या, मॅकवरच्या. त्याच्याकडची नवी मशीनं सगळी इंटेलची, त्यांवर जुने मॅक प्रोग्रॅम चालवणारं क्लासिक चालत नाही, आणि पेजमेकर ६.० च्या आधीची फाइल इनडिझाइन उघडत नाही. आमचा तो पहिला मॅक त्याने जपून ठेवला होता, पण चालत नव्हता.

मी म्हटलं, घेऊन या.

तो स्वतः घेऊन आला. मॉनिटर कुठे विचारलं तर म्हणाला, केव्हाच भंगारात गेला. माझ्या ड्रॉवरमध्ये मॅकच्या पंधरा पिनांचा व्हीजीए ॲडॉप्टर होता, बारक्या स्विचांचा, तो लावला. यंत्र सुरू झालं, डिस्क दिसेना. मागे हात घालून पाहिलं, साखळीच्या टोकाला टर्मिनेटर नव्हता. त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

डिस्क दिसली. तारीख दाखवत होती १ जानेवारी १९०४. घड्याळाची बॅटरी मेली की जुने मॅक तिथेच जाऊन बसतात, त्यांचा काळ तिथून सुरू होतो. अर्ध्या पेन्सिल-सेलएवढी ३.६ व्होल्टची बॅटरी बदलली. फाइली उघडून कागदाऐवजी डिस्कवर पोस्टस्क्रिप्टमध्ये छापल्या, फॉन्ट आत घालून. त्या डॉसच्या झिप डिस्कवर, म्हणजे मोठ्या क्षमतेच्या फ्लॉपीवर, घेतल्या. पोस्टस्क्रिप्ट हा साधा मजकूर, त्याला कप्पा नाही, त्यामुळे गळून पडायला काही नव्हतं. माझ्या पीसीवर डिस्टिलरने पीडीएफ केल्या. नऊ दिवस लागले. एका पुस्तकाची पानं मोजली. २४०.

बिल पाठवलं. कामाची ओळ, झिप डिस्कची ओळ, बॅटरीची ओळ, आणि शेवटी : वीस इंची मॉनिटर, निम्मा हिस्सा, १९९२.

पहिल्या तीन ओळींचे पैसे आठवड्यात आले. चौथ्या ओळीपुढे निळ्या शाईने प्रश्नचिन्ह काढून बिल परत आलं. मी दर वर्षी मार्चमध्ये ते पुन्हा पाठवतो.