सेसिलमधल्या तीन रात्री

कालक्याहून सकाळी सुटलेली छोटी गाडी ९६ किलोमीटरचा घाट आणि शंभराहून अधिक बोगदे पार करून शिमल्याला पोहोचली, तेव्हा दुपार कलली होती. १९०३ साली सुरू झालेल्या या लोहमार्गाचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश आहे. तरीही बाकावर पाच-सहा तास बसल्यानंतर मनात वारशापेक्षा कंबरेचाच विचार अधिक येतो, हे कबूल केले पाहिजे. स्थानकाबाहेर पडलेले बहुतेक प्रवासी रिज आणि मॉल रोडवरच्या गर्दीकडे वळले. मी हमालाच्या मागोमाग चौडा मैदानाची वाट धरली, कारण मला ज्या सेसिल हॉटेलात राहायचे होते ते त्या शांत, पश्चिमेकडच्या बाजूला आहे.

सेसिलचा इतिहास १८८४ पर्यंत मागे जातो. शिमला ही ब्रिटिश हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी असताना मोठे अधिकारी आणि त्यांचे पाहुणे इथे उतरत. मला मात्र त्या लाटसाहेबांपेक्षा १९२२ साली महिना ५० रुपये पगारावर इथे कारकून म्हणून लागलेल्या एका तरुणाचे कुतूहल होते. मोहनसिंग ओबेरॉय हे त्याचे नाव. बारा वर्षांनी त्याने याच शहरातले क्लार्क्स हॉटेल विकत घेतले आणि पुढे ज्या कंपनीच्या ताब्यात सेसिल होते, त्या कंपनीचीच सूत्रे १९४० च्या दशकात हाती घेतली. (त्या ५० रुपयांत आज सेसिलमध्ये काय मिळते, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.) नंतर ही इमारत बरीच वर्षे बंद राहिली आणि मोठ्या दुरुस्तीनंतर १९९७ साली पुन्हा उघडली.

आत पाऊल टाकताच नजर आपोआप वर जाते, कारण मधला चौक कित्येक मजले उंच आहे आणि प्रत्येक मजल्यावरून त्यात डोकावता येते. लाकडी कठडे, गडद रंगाची लाकडी तावदाने, खाली मंद दिव्यांत चहा घेणारी मंडळी असे ते दृश्य होते. बाहेर अंगावर शिरशिरी आणणारा वारा होता आणि आत इतकी समान ऊब होती की स्वेटर काढून ठेवावा लागला. पहिल्या संध्याकाळी माझा एकच उद्योग चालला होता: यातले जुने कोणते आणि नवे कोणते, हे ओळखण्याचा. कोणी पाहत नाही असे बघून मी भिंतींवर टकटक करून पाहिली, जिन्याच्या कडा चाचपल्या आणि खोलीतल्या लाकडी जमिनीवर मुद्दाम जोरात पाय टाकले. ती जमीन कुरकुरली नाही. जुन्या डोंगरी घरात रात्री लाकूड बोलते. इथे ते गप्प होते, आणि त्या निःशब्दपणाने मी, खरे सांगायचे तर, थोडा हिरमुसलो.

जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ आपल्याकडे पुष्कळदा देवळाच्या कोरीव दगडावर ऑइलपेंटचा हात फिरवण्यापुरताच असतो, त्यामुळे इथले काम त्या मानाने फारच संयमाचे आहे. परंतु राहण्याच्या हॉटेलाची अडचण वेगळी असते. पाहुण्याला जुनेपण हवे असते, मात्र जुन्या नळांचे गार पाणी, फटींतून शिरणारा वारा आणि धुरकट शेगडी नको असते. म्हणून जुनेपणाचा जो भाग डोळ्यांना दिसतो तो जपला जातो आणि जो अंगाला जाणवतो तो काढून टाकला जातो. दुसऱ्या दिवशी मॉल रोडवर फिरताना हा विचार अधिक स्पष्ट झाला. तिथले गेटी थिएटर १८८७ सालचे. त्याचे वरचे मजले धोकादायक ठरल्याने फार पूर्वीच उतरवावे लागले, आणि दुरुस्तीनंतर २००९ मध्ये ते पुन्हा खुले झाले. नाट्यगृहाची नजर प्रेक्षकाच्या झोपेवर नसते, त्यामुळे त्याला आपले वय लपवण्याची गरज पडत नाही. त्याहून साधे वाटले ते बाजाराखालच्या उतारावरचे एक पडके घर. त्याच्या भिंतीचा गिलावा निघाला होता आणि आतले धज्जी बांधकाम उघडे पडले होते: लाकडाच्या उभ्या, आडव्या, तिरक्या पट्ट्यांची चौकट आणि मधल्या खणांत माती-दगडांची भर, जणू ठिगळांची गोधडी. भूकंपात अशी भिंत एकदम कोसळत नाही, कारण हादरा लाकडी चौकटीतल्या लहान लहान खणांत वाटला जातो. पाऊण तास मी ती भिंत पाहत उभा होतो.

तिसऱ्या दिवशी चालत व्हाइसरॉयच्या निवासापर्यंत गेलो. १८८८ साली पूर्ण झालेल्या त्या दगडी वास्तूत १९४५ ची शिमला परिषद भरली होती, आणि १९६५ पासून तिथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. त्या जुन्या दालनांत आज अभ्यासक पुस्तके वाचतात, हा बदल मला सर्वांत मनापासून आवडला.

परत आलो तेव्हा दरीवर धुके चढत होते. निघण्याच्या सकाळी हिशेब मिटवायला स्वागतकक्षात उभा राहिलो. समोरचा तरुण कर्मचारी मान खाली घालून आकडे टिपत होता, आणि मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलो असावा, कारण त्याने मान वर करून काही राहिले आहे का, असे विचारले. मी नाही म्हणालो आणि बॅग उचलून स्थानकाचा उतार उतरू लागलो.