टेलव्हील विमान आणि पायांचं काम

आज फक्त जमिनीवरच्या काही सेकंदांबद्दल लिहायचं आहे. टेलव्हील विमान, म्हणजे तिसरं छोटं चाक शेपटीखाली असलेलं विमान, हवेत इतर विमानांसारखंच उडतं. अवघड असतं ते चाकं टेकल्यापासून विमान थांबेपर्यंतचं.

या विमानात मुख्य चाकं पुढे आणि गुरुत्वमध्य त्यांच्या मागे असतो. नाक जरा डावीकडे वळलं की मागचं वजन मूळ दिशेनेच जाऊ पाहतं आणि शेपूट आणखी बाहेर फेकली जाते. नाकाखाली चाक असलेलं विमान अशा वेळी आपणहून सरळ होतं. पायपर जे-३ कब हे छोटं टेलव्हील विमान होत नाही, किंवा १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, आपल्या फ्लाइंग क्लबांतलं पुष्पकही होत नाही. वळण वाढत जातं, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पायही मोडतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. गवतावर चाकं थोडी घसरतात, म्हणून ते चुका पोटात घालतं. डांबरावर टायर पकडतो आणि तिरकं टेकलेलं विमान लगेच वळायला लागतं. म्हणून सुरुवात गवतावर व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

शिकणारे बहुधा रडर (शेपटीवरचा उभा फळा, पायातल्या पेडलने हलणारा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा) उशिरा देतात, आणि मग जास्त देतात. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट शिकवायची राहून जाते: नाक परत येऊ लागलं की ते मधोमध पोचण्याआधीच उलट्या पायाने थांबवावं लागतं. पेडल दाबून धरायचं नाही. छोटी थाप, सोड, दुसऱ्या पायाची छोटी थाप. तळहातावर काठी उभी धरताना हात जसा सतत हलत असतो, तसे पाय हलते हवेत. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवावी. कबमध्ये एकटा पायलट मागच्या सीटवर बसतो आणि जमिनीवर नाक समोरचं झाकतं. तेव्हा दोन्ही कडा सारख्या दिसताहेत ना, एवढंच बघावं. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर सावकाश चालवत नेताना, मात्र समोरचं दिसावं म्हणून नागमोडी जावं.

टेकऑफला शेपूट उचलली की फिरत्या प्रोपेलरच्या जायरोस्कोपिक परिणामाने (फिरती वस्तू कलवली की ती काटकोनातल्या दिशेला वळू पाहते) नाक डावीकडे ओढलं जातं. शेपूट जितक्या झटक्याने उचलाल, तितका ओढा मोठा. सावकाश उचला आणि उजवा पाय तयार ठेवा.

थ्री-पॉइंट लँडिंगमध्ये तिन्ही चाकं एकदम टेकली की स्टिक (हातातला नियंत्रणाचा दांडा) पोटाशी, आणि ती तिथेच राहिली पाहिजे. हात सैल पडला की टेलव्हीलवरचा भार जातो आणि वेग उतरून नेमकं रडर निकामी होत असताना स्टिअरिंगही जातं.

वेग जास्त असेल तर विमान उसळतं. मुख्य चाकं आपटली की मागचं वजन खाली जातं, शेपूट पडते, पंखाचा हवेशी कोन वाढतो आणि विमान पुन्हा उडतं. त्या उसळीमागे स्टिक पुढेमागे करत बसू नये. उसळी मोठी असेल तर थ्रॉटल पूर्ण पुढे, गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. वेग १० टक्के जास्त म्हणजे ऊर्जा २१ टक्के जास्त. कबचा अप्रोच, म्हणजे उतरायला येतानाचा वेग, साधारण ताशी ५५ ते ६० मैलांचा, त्यावर 'सुरक्षेसाठी' आणखी चढवण्यात सुरक्षा नाही.

व्हील लँडिंगमध्ये आधी फक्त मुख्य चाकं टेकवायची; ती हलकेच टेकताक्षणी स्टिक किंचित पुढे. एलिव्हेटरमध्ये (शेपटीवरचा आडवा फळा, नाक वर-खाली करणारा) जीव आहे तोवर शेपूट खाली आणावी, मग स्टिक पूर्ण मागे. बाजूचा वारा असेल तर वाऱ्याकडचं चाक आधी टेकवावं, आणि वेग कमी होईल तसा त्याच बाजूला एलरॉन (पंखाच्या टोकाकडचा, विमान बाजूला कलवणारा फळा) वाढवत न्यावा. ब्रेक शेवटी, तोही क्षणभर.

अमेरिकेत टेलव्हीलच्या एंडोर्समेंटला (असं विमान उडवता येण्याच्या लेखी मान्यतेला) तासांची किमान अट नाही. साधे आणि क्रॉसविंड (बाजूच्या वाऱ्यातले) टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग आणि गो-अराउंड येतात, असं इन्स्ट्रक्टरने लॉगबुकात लिहून द्यायचं असतं. शांत हवेत ती सही घेऊ नये, वाऱ्याच्या दिवसाची वाट बघावी.

टॅक्सीत वारा पुढून तिरका असेल तर स्टिक मागे आणि वाऱ्याकडे. मागून तिरका असेल तर पुढे आणि वाऱ्याविरुद्ध बाजूला. उड्डाणाआधी टेलव्हीलच्या स्प्रिंग आणि साखळ्या हाताने हलवून बघाव्यात. एक जरी सुटलेली असेल तर पाय बरोबर असूनही चाक ऐकत नाही.