स्टर्नड्राइव्हचा ट्रिम: मीटर नको, टॅकोमीटर बघा

स्टर्नड्राइव्ह म्हणजे इंजिन बोटीत आणि पंख्याचा भाग, म्हणजे ड्राइव्ह, मागे बाहेर. तो आत-बाहेर झुकवायचा कोन म्हणजे ट्रिम. ट्रिम मीटरच्या काट्याकडे बघून ट्रिम लावू नये. ड्राइव्ह कुठल्या कोनात आहे एवढंच तो काटा सांगतो. बोटीला आत्ता काय हवंय ते कळतं टॅकोमीटरवरून (इंजिनाचे मिनिटाला फेरे, म्हणजे आरपीएम दाखवणारा), जीपीएसवरच्या वेगावरून आणि स्टिअरिंगवर हाताला लागणाऱ्या ओढीवरून. पुढचं सगळं मर्क्रूझर अल्फा वन ड्राइव्ह असलेली १९-२० फुटी बोट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. बाकीच्या ड्राइव्हना तत्त्व तेच, आकडे वेगळे.

निघताना ड्राइव्ह पूर्ण आत, म्हणजे पंखा ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) जवळ. त्यामुळे मागची बाजू उचलली जाते, नाळ (बोटीचं पुढचं टोक) फार वर जात नाही आणि बोट लवकर प्लेनवर येते, म्हणजे पाण्यावर उचलून सरकायला लागते. नाळ खाली बसली की थ्रॉटल स्थिर ठेवा आणि ट्रिमचं बटण वरच्या दिशेला, म्हणजे बाहेर, टिचकीभर दाबा, अर्ध्या सेकंदाहून जास्त नाही. दोन-तीन सेकंद थांबा. आरपीएम आणि वेग दोन्ही वाढले तर अजून एक टिचकी. आरपीएम चढतोय पण वेग जागच्या जागी, असं झालं की एक टिचकी परत आत. त्या दिवशीच्या वजनाला तोच ट्रिम. मागच्या सीटवर दोन माणसं वाढली की हे सगळं पुन्हा.

बरेच जण ड्राइव्ह आतच ठेवून बोट पळवतात, सुरक्षित वाटतं म्हणून. तसं नाही. नाळ पाण्यात खुपसली जाते, स्टिअरिंग जड होतं, पेट्रोल जास्त लागतं, आणि मागून येणाऱ्या लाटेच्या उतारावर बोट नाळेवर गर्रकन फिरू शकते. अशा समुद्रात ट्रिम थोडा बाहेरच हवा. समोरून लाटा असतील तेव्हा उलट. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटल्यावर मांडव्याहून गेटवेकडे येताना ट्रिम आत घ्या, म्हणजे नाळेची धार पाणी कापते आणि पाठीचे मणके वाचतात.

ट्रिम जास्त बाहेर गेला की नाळ ठेक्यात वरखाली व्हायला लागते. एक-दोन टिचक्या आत घेतल्या की थांबते. आरपीएम एकदम उसळला आणि बोट पुढे जाईना, तर पंख्याने हवा धरलीय. थ्रॉटल कमी करा, ट्रिम आत घ्या. हे बहुतेक वेळा वळणात होतं, म्हणून जोरात वळायचं असेल तर ट्रिम वळणाआधी आत.

मर्क्रूझरच्या ३.० लिटर इंजिनला पूर्ण थ्रॉटलवर ४४०० ते ४८०० आरपीएम हवा. ट्रिम नीट लावूनही ४२०० च्या वर जात नसेल तर दोष ट्रिमचा नाही, पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा पुढे सरकेल ते अंतर) जास्त आहे. पिच एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

बाहेरच्या ट्रिमला मर्यादा आहे, ती लिमिट स्विच सांभाळतो. त्यापुढे ड्राइव्हला गिंबल रिंगच्या (ड्राइव्ह ट्रान्समला धरून ठेवणाऱ्या कड्याच्या) बाजूच्या पट्ट्यांचा आधार राहत नाही. वेगात असं चालवलं तर ड्राइव्ह आणि गिंबल दोन्ही जातात. ड्राइव्ह पार वर उचलणारं ट्रेलरचं बटण हा स्विच ओलांडतं, म्हणून ते फक्त उथळ पाण्यात अगदी हळू जाताना आणि ट्रेलरवर चढवताना. तेव्हाही पाणी ओढणारी भोकं पाण्याखाली आहेत ना ते बघा, नाहीतर इम्पेलर (थंडाव्याचं पाणी ओढणारा रबरी पंखा) कोरडा फिरून जळतो. लिमिट स्विच अंदाजाने फिरवू नका. ट्रिमचा सिलिंडर किती बाहेर यावा याचं माप तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतं.

मीटरला ड्राइव्हचा कोन कळवणारा सेंडर मात्र घरी जुळवता येतो. ड्राइव्ह पूर्ण आत, किल्ली ऑन, इंजिन बंद. सेंडरचे दोन स्क्रू सैल करा, काटा तळाला येईपर्यंत तो फिरवा, स्क्रू आवळा.

ट्रेलरच्या बटणाने ड्राइव्ह वर जातो पण ट्रिमच्या बटणाने जात नाही? बहुतेक लिमिट स्विच किंवा त्याची वायर गेली. ती सतत वाकते आणि खाऱ्या पाण्यात असते, त्यामुळे आतून तुटते. नुसता ‘टक’ आवाज येऊन ड्राइव्ह हलवणारा तेलाचा पंप फिरत नसेल तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल्स, मग सोलेनॉइड (पंपाला करंट देणारा स्विच). वर जातो, खाली येत नाही, तर खाली नेणारा सोलेनॉइड तपासा.

मधल्या ट्रिमवर स्टिअरिंग सतत एका बाजूला ओढत असेल तर पंख्याच्या वरच्या प्लेटखालचं छोटं पातं बघा. बोट उजवीकडे सहज वळते आणि डावीकडे जोर लागतो, तर मागून बघताना पात्याचं मागचं टोक थोडं उजवीकडे सरकवा. एका वेळी थोडंच, मग पाण्यात नेऊन बघा. हे पातं अ‍ॅनोडचंही काम करतं, म्हणजे स्वतः झिजून ड्राइव्हला गंजापासून वाचवतं, त्याला रंग लावायचा नाही.

पंपाचं तेल ड्राइव्ह पूर्ण आत असताना बघायचं. वर असताना तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, पातळी कमी दिसते आणि माणूस उगाच जास्त ओततो. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं बदला. भरल्यावर ड्राइव्ह सहा-सात वेळा पूर्ण वरखाली करा, हवा निघून जाते, मग पातळी पुन्हा बघा.